न झालेल्या भांडणाची नोंद

घरातला एक माणूस साधना करू लागला की बाकीच्यांची साधना आपोआप सुरू होते. त्यांना त्यासाठी वेगळं आसन घालावं लागत नाही.

आमचे हे पालिकेच्या लेखा विभागातून निवृत्त झाले आणि त्याच पावसाळ्यात इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिराला जाऊन आले. गेले तेव्हा नेहमीसारखेच होते, म्हणजे रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालत गेले. आले ते संथ होऊन. चपला संथपणे काढल्या, पाणी संथपणे प्यायले. जेवताना एकेक घास इतका वेळ चावू लागले की आमटी झाकून ठेवावी की पुन्हा गरम करावी, हा प्रश्न मला रोज पडायला लागला. सोफ्यावर ताठ कण्याने बसू लागले. आमच्या सोफ्यावर ताठ बसताच येत नाही. तो लोळण्यासाठी घेतलेला आहे.

एक दिवस पलंगावर ओला टॉवेल पडला होता. पूर्वी अशा वेळी मी ओरडायचे, मग ते ओरडायचे, तोवर टॉवेल वाळायचा. या वेळी मी शांतपणे विचारलं, "अहो, हा टॉवेल दिसतोय का तुम्हाला?"

"दिसतोय," ते म्हणाले. "ओला आहे हेही कळतंय. पण त्यामुळे माझ्या मनात काही उमटत नाहीये."

"माझ्या मनात उमटतंय."

"त्याच्याकडे नुसतं बघ. येतं आणि जातं."

एवढं बोलून ते गेले. टॉवेल तिथेच राहिला.

पुढे कधीतरी त्यांच्या हातून कप फुटला. "अनित्य," ते म्हणाले आणि तुकड्यांना वळसा घालून बाहेर गेले. माझ्या माहेरचा सहा कपांचा संच आता पाचांचा झाला, आणि हे मात्र कायमचं होतं.

इगतपुरीच्या त्या केंद्राचा, म्हणजे धम्मगिरीचा, दिनक्रम त्यांनी मला सविस्तर सांगितला. पहाटे चारला घंटा. साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण, संध्याकाळी पाचला चहा आणि थोडं फळ, की संपलं. फोन जमा, वही-पेन नाही, पुस्तक नाही. आर्य मौन, म्हणजे बोलायचं तर नाहीच, खाणाखुणाही नाहीत, शेजारच्या साधकाच्या डोळ्याला डोळाही द्यायचा नाही. पहिले तीन दिवस नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघत बसायचं. चौथ्या दिवशी विपश्यना शिकवतात. मग डोक्यापासून पायापर्यंत मन फिरवत कुठे काय जाणवतंय ते पाहायचं. खाज सुटली तर खाजवायचं नाही, ती आली तशी जाते का ते बघायचं. दहाव्या दिवशी मौन सुटतं. फी नाही. शिबिर पूर्ण केल्यावर इच्छा असेल तर दान द्यायचं.

मी कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होते. खरं सांगायचं तर श्वासाकडे माझं लक्षच नव्हतं. दोन्ही वेळचं आयतं अन्न, कोणाची हाक नाही, कोणी 'माझा चष्मा पाहिलास का' म्हणत नाही, भाजी काय करू हा प्रश्न दहा दिवस कोणालाच विचारायचा नाही! मला वाटलं, एवढी सोय झाली तर निम्मी मुक्ती पहिल्या दिवशीच्या नाश्त्यालाच मिळेल. उरलेल्या निम्मीसाठी श्वास बघू.

ही टीका नाही. उलट ज्यांनी ही विद्या आपल्याकडे परत आणली ते सत्यनारायण गोएंका चांगले भरल्या घरातले होते. १९२४ साली ब्रह्मदेशात मंडालेला जन्म, मोठा व्यापार, सहा मुलगे. त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन तर सरकारी नोकर. १९४८ साली ब्रह्मदेश स्वतंत्र झाला तेव्हा ते त्या देशाचे महालेखापाल झाले, आणि कचेरीतल्या आपल्या हाताखालच्या माणसांनाही त्यांनी ध्यान शिकवलं. हे सांगताना आमच्या ह्यांचा ऊर भरून आला. लेखा विभागाची बाजू आजवर इतक्या उंचीवर कोणी नेलेली नव्हती. गोएंका १९६९ मध्ये भारतात आले, आणि त्यांनी इथे घेतलेलं पहिलं शिबिर मुंबईत झालं. त्यात साधक म्हणून त्यांचे स्वतःचे आईवडील बसले होते. धम्मगिरी नंतरची, १९७६ ची. आपल्या आईवडिलांना समोर बसवून दहा दिवस गप्प ठेवणारा मुलगा! त्या क्षणापासून माझ्या मनात त्यांच्याविषयी फार निराळा आदर आहे.

साक्षीभाव ही गोष्ट तशी आपल्याकडे जुनीच. मुंडक उपनिषदात एका झाडावर बसलेले दोन पक्षी आहेत. एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता बघतो. सुरेखच चित्र आहे, पण ते झाड रानातलं आहे. तिथे फळ धुवायचं नाही, चिरायचं नाही, बिया काढायच्या नाहीत आणि उरलेली अर्धी फोड काळी पडू नये म्हणून कुठे ठेवायची ते कोणी विचारत नाही. घरात तिसरा पक्षी लागतोच. त्याच्याबद्दल उपनिषदं बोलत नाहीत.

शिबिरात वही नव्हती, ही ह्यांची मोठीच गैरसोय झाली होती. ज्याने पस्तीस-छत्तीस वर्षं रकाने आखले त्याने मनातल्या मनात हिशेब ठेवायचा म्हणजे काय? मग कुठल्याशा दिवाळी अंकात त्यांना बेंजामिन फ्रँकलिन सापडला. या गृहस्थाने ऐन तारुण्यात निर्दोष व्हायचं ठरवलं होतं. त्यासाठी त्याने गुणांची यादी केली, छोटी वही केली, प्रत्येक गुणाला एक पान दिलं, पानावर आठवड्याच्या सात वारांचे रकाने आखले, आणि रोज रात्री जिथे चुकलं तिथे काळा ठिपका द्यायला सुरुवात केली. एका आठवड्याला एक गुण. तेरा गुण, म्हणजे वर्षात बरोबर चार फेऱ्या. आत्मचरित्रात त्याने हेही कबूल केलंय की सगळ्यांत जास्त छळलं ते नीटनेटकेपणाने. ते वाचल्यावर मी टॉवेलाकडे जरा मायेने पाहिलं.

आमच्याकडे लाल पेनाने वही आखली गेली. राग, घाई, खोचक बोलणं, दुसऱ्याचं वाक्य तोडणं, असे एकंदर बारा रकाने. सासूबाईंनी ती वही मागवून घेतली, चष्मा लावून वाचली आणि म्हणाल्या, "यात बायकोचं ऐकून घेणं कुठेय?"

"ते 'दुसऱ्याचं वाक्य तोडणं' यात येतं, आई."

"नाही येत. तू वाक्य तोडत नाहीस. पूर्ण होऊ देतोस आणि ऐकत नाहीस."

गंमत अशी की फ्रँकलिनचंही असंच झालं होतं. त्याच्या यादीत आधी बाराच गुण होते. एका क्वेकर मित्राने त्याला प्रेमाने सांगितलं की बाबा रे, लोक तुला गर्विष्ठ समजतात, आणि दोन-चार प्रसंग काढून दाखवले. तेव्हा कुठे नम्रता हा तेरावा गुण यादीत आला. इतका हुशार माणूस, पण आपली यादी आपणच करायला बसला तेव्हा नेमकी तीच गोष्ट गळली. आमच्या वहीतही तेरावा रकाना आईंच्या तोंडून पडला.

मला वाटतं, घरात निरीक्षणाची मुळीच वाण नसते. चार माणसांच्या घरात प्रत्येक जण उरलेल्या तिघांचं अहोरात्र निरीक्षण करत असतो, आणि ते फार अचूक असतं. सासूबाई रोज सकाळी जप करतात. जपात बोलायचं नाही हा त्यांचा कडक नियम, म्हणून त्या वेळी घराचा कारभार भुवयांवर चालतो. उजवी भुवई वर गेली की गॅसवर दूध. दोन्ही वर गेल्या की दारात कोणी आहे. डोळे मिटलेले असताना त्यांना दूध दिसतं कसं, हे मला इतक्या वर्षांत उमगलेलं नाही. माळेचा मणी मात्र चुकत नाही.

मुलगा बंगळूरहून व्हिडिओ कॉल करतो. त्याच्या पिढीने मनाचं सगळं सामान इंग्रजीतून आणलंय. परवा तो म्हणाला, "आज्जी, बाबांचा तो टोन मला ट्रिगर करतो." आईंनी मला खुणेनेच विचारलं. मी म्हटलं, बंदुकीचा घोडा असतो ना, तो. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "मग आमच्या वेळी घरात तोफाच होत्या म्हणायच्या." पण लगेच पुढे म्हणाल्या, "अरे, तुझ्या आजोबांचा आवाज थेट असाच होता." बंगळूरला आणि इथे, दोन्हीकडे एकदम शांतता पसरली. ह्यांच्या वहीत त्या रात्री काय लिहिलं गेलं ते मला माहीत नाही, पण पेन बराच वेळ नुसतंच उघडं होतं.

माझ्यावर पाळी आली ती मे महिन्यात. लेकीची पाच वर्षांची मुलगी राहायला आली होती. दिवाणखान्यात तिने भातुकली मांडली, माझी ओढणी पदरासारखी खोचली आणि बाहुल्यांना पाटावर बसवलं. मी गवार निवडत होते, ऐकू येत होतं. "बसा, बसा तुम्ही सगळे. गरम गरम जेवून घ्या." मग एक लांब सुस्कारा. "माझं काय, मी खाईन मागून उभ्या उभ्या. मला मेलीला काय लागतंय!"

लेक हसून हसून पडायची बाकी होती.

"मी असं कधी म्हणते?" मी विचारलं.

ह्यांनी पंख्याकडे पाहिलं. आई माळ ओढू लागल्या. लेकीने पाण्याचा ग्लास उचलला, तो रिकामा होता.

सुस्कारा तर अगदी हुबेहूब होता. 'माझं काय'च्या आधी मध्येच श्वास अडकवायचा, तोसुद्धा. मला त्याचा पत्ताच नव्हता. मग मी कान देऊन राहिले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोळी तव्यावर असतानाच तो सुस्कारा माझ्या नाकातून निघाला. तीन दिवस श्वास बघणारी माणसं इगतपुरीला जातात. माझा मला ओट्याशी सापडला.

मग जरा खोल गेले. हे वाक्य माझं नव्हतंच, माझ्या आईचं होतं. आई खरोखर उभ्याने जेवायची. आमचं घर दोन खोल्यांचं, माणसं नऊ, पंगती दोन. दुसऱ्या पंगतीत तिला जागा नसायची आणि बऱ्याचदा आमटीही उरायची नाही. तिचं 'माझं काय' हे निव्वळ वस्तुस्थितीचं वर्णन होतं. माझ्याकडे सहा खुर्च्यांचं टेबल आहे आणि घरात माणसं तीन. तीन खुर्च्या रिकाम्या ठेवून मी उभी राहते! कोणी बसू नको म्हटलेलं नाही. मी उभी राहते कारण बसले तर माझ्या खात्यावर काही जमा होत नाही. ह्यांची वही तरी उघड्यावर असते. माझीही एक वही होती, लग्नापासूनची, आणि तिच्यात फक्त जमेची बाजू होती. लेखा विभागातल्या माणसाच्या घरात राहून मी इतकी वर्षं एकाच बाजूचं पुस्तक लिहिलं आणि कधी तपासणीला दिलं नाही.

हे कळल्यावर आपण बदलतो असं काही नाही. जे होतं ते फार बारीक. पूर्वी कोणाला काही लागट बोलले तर ते मला दोन दिवसांनी जाणवायचं, तेही आंघोळ करताना, जिथे माफी मागायला कोणी नसतं. मग त्याच रात्री जाणवायला लागलं. पुढे जेवणानंतरच्या आवराआवरीत. दर वेळी मधलं अंतर थोडं कमी. माझ्या समजुतीप्रमाणे या सगळ्या खटाटोपात प्रगती म्हणावी अशी ही एवढीच. राग तेवढाच येतो, बातमी लवकर पोचते.

पण बातमी फार लवकर पोचली तर पंचाईत होते. सासूबाई मेथी निवडत होत्या आणि देठं भाजीत, पानं कचऱ्यात, असं चाललं होतं. त्यांना आता कमी दिसतं, पण निवडायचं त्या सोडत नाहीत. मी तोंड उघडलं, "अहो आई, तुम्ही नेहमी..." आणि त्याच क्षणी मला मी ऐकू आले. चक्क वाक्याच्या मध्यावर! आता 'नेहमी' हा शब्द तोंडातून गेलेला, मागे घेता येईना, आणि पुढे जे यायचं होतं ते येऊ द्यायचं नव्हतं. मी तशीच थांबले. कुकरची एक शिट्टी होऊन गेली.

"...तुम्ही नेहमी उजेडाकडे तोंड करून बसत जा," मी म्हटलं.

आईंनी हातातली काडी खाली ठेवली आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुला काय हवंय?"

"काही नाही."

"माहेरी जायचंय का?"

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या माझ्यावर नजर ठेवून होत्या. रात्री ह्यांना हळूच म्हणाल्याही, की हिचं काहीतरी बिनसलंय, रक्त तपासून घे.

या मार्गात हाच एक मोठा अन्याय आहे. भांडण झालं की त्याची सर्वांच्या स्मरणात पक्की नोंद होते. लग्नातल्या मानपानावरून झालेली भांडणं आमच्या घराण्यात आजही तारीख-वारासकट सांगतात. पण जे भांडण झालंच नाही, त्याचं काय? ते तर फक्त एकालाच माहीत असतं. त्याला व्हाउचर नाही, सही नाही, शिक्का नाही. ह्यांच्या वहीतही ठिपके चुकांचेच. न झालेल्या भांडणाची जागा नुसती कोरी. कोरी जागा दाखवून घरात कोणाची शाबासकी मिळवायची? ह्यांनी एकदा प्रयत्न केला. टॉवेल स्वतःहून दोरीवर टाकला आणि मला सांगायला आले. मीही आतून हसतच पण बाहेरून गंभीरपणे "बरं केलंत" म्हटलं. माझी मेथी मात्र अजूनही बेवारस आहे, म्हणून इथे लिहिली.

एकनाथांची एक गोष्ट यावरून आठवते. नाथ पैठणला घर-संसार करून राहिले. नाथांना राग आणून दाखवलास तर पैसे देऊ, असं काही टवाळांनी एका गरजू ब्राह्मणाला सांगितलं. तो पायातलं न काढता थेट घरात शिरला आणि नाथांच्या मांडीवर जाऊन बसला. नाथ म्हणाले, किती आपलेपणाने भेटायला आलात! मग पंगत बसली. नाथांच्या पत्नी गिरिजाबाई वाढायला वाकल्या तर हा त्यांच्या पाठीवर चढला. नाथ म्हणाले, सांभाळ, ते पडतील. गिरिजाबाई म्हणाल्या, पडू कशी देईन, हरीला पाठीवर घेऊन काम करायची मला सवय आहे.

ही गोष्ट नाथांच्या शांतीची म्हणून सांगतात. कीर्तनकारही 'धन्य नाथ' म्हणूनच टाळी घेतात. मला मात्र पहिल्यापासून वाटत आलंय की मांडीवर बसलेला माणूस सहन करणं एक, आणि हातात वाढपाचं भांडं, समोर पंगत खोळंबलेली, अशा वेळी पाठीवर चढलेला माणूस सहन करून वर त्याला पोराच्या जागी बसवणं दुसरं. त्या बाईंनी रकाना आखला नव्हता. त्यांच्या हातून भातही सांडला नसणार.

आणि ज्या नाथांना बाहेरचं जग चिडवू शकलं नाही, त्यांची कसोटी पाहिली ती घरातल्याच हरीने. हा मुलगा मोठा होऊन हरिपंडित झाला, विद्वान आणि कर्मठ. वडील मराठीत पुराण सांगतात, कुणाकडेही जेवतात, हे त्याला सहन झालं नाही, आणि तो घर सोडून काशीला निघून गेला. नाथ त्याच्या मागे गेले आणि त्याच्या अटी मान्य करून त्याला परत घेऊन आले, असं चरित्रकार सांगतात. मुलाच्या अटी! मांडीवरचा ब्राह्मण त्यापुढे अगदीच किरकोळ.

सध्या आमच्या घरातलं सगळ्यांत स्फोटक वाक्य असं: "तू आत्ता चिडलीयस, हे तुझ्या लक्षात येतंय का?" हे अतिशय मृदू आवाजात म्हटलं जातं. ज्याने स्वतःकडे पाहायला शिकायचं, तो शिकता शिकता बॅटरीचा झोत दुसऱ्याच्या डोळ्यांवर धरतो, आणि वर विचारतो, दिसतंय का. मी एकदा म्हटलं, "आलंय लक्षात. आणि तुम्ही ते म्हणालात म्हणून आणखी चिडलेय, हेही आलंय." त्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हं. हे खोचक होतं. माझं." आणि उठून वहीकडे गेले. मला ते आवडलं, हे मी त्यांना सांगितलं नाही. माझ्या जुन्या वहीची सवय, दुसऱ्याच्या नावावर जमा करायला हात जरा आखडतो. दुसऱ्या दिवशी चहा देताना सांगून टाकलं. तेव्हा त्यांना काही आठवेना.

आता मी फॉर्म भरलाय. दिवाळीनंतरचं शिबिर. हे कळल्यावर घरात जी बैठक झाली तीत श्वासाचा विषयच निघाला नाही, पोळ्यांचा निघाला. दहा दिवस पोळीवाली येईल, वरण-भात ह्यांनी लावायचा, असं ठरलं. ह्यांनी वहीचं मागचं पान काढून लिहून घेतलं: डाळीला पाणी किती, हिंग केव्हा, किती शिट्ट्यांनंतर गॅस बारीक. मध्येच विचारलं, "शिट्टी झाली नाही तर?" मी म्हटलं, तिच्याकडे नुसतं बघायचं नाही, झाकणाची रिंग बसलीय का ते बघायचं.

आई सगळं ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एकच गोष्ट विचारली. "तिथे दहा दिवस एक शब्द बोलायचा नाही?"

"नाही आई. दहाव्या दिवशी मौन सुटतं."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग ह्यांना म्हणाल्या, "मला नवव्या दिवशी नाशकाला लेकीकडे पोचव. हिचं ते सुटलं की पहिला दिवस तू घरात थांब. मी दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने येते."